जुन्या इटालियन फ्रेमची पारख

मिलान शहरातील व्हिगोरेल्ली हे सायकल-शर्यतींचे क्रीडागृह १९३५ साली उभे राहिले आणि १९४२ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, फाउस्तो कोप्पीने तेथल्याच लाकडी धावपट्टीवर एका तासात कापावयाच्या अंतराचा जागतिक विक्रम केला, ही गोष्ट क्रीडेच्या इतिहासात नमूद आहे. परंतु त्याच क्रीडागृहाच्या प्रेक्षासनांखालील लहानशा कारखान्यात फालिएरो मासी नावाचा कारागीर पुढे कित्येक वर्षे पोलादी नळ्या कापून, कानशीने घासून आणि पितळेने सांधून ज्या फ्रेमा तयार करीत असे, त्यांचा इतिहास दप्तरात फारसा उतरला नाही. तो त्या फ्रेमांच्या अंगावरच वाचावा लागतो. लोंबार्डी, व्हेनेतो, पिडमाँट आणि तोस्काना या प्रांतांत, साधारणतः १९५० पासून १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, अशा शेकडो कारखान्यांतून ज्या शर्यतीच्या फ्रेमा बाहेर पडल्या, त्यांना आज जगभर मागणी आहे. आणि मागणी आली की तिच्यामागून खोटी नावे, नवे रंग आणि अर्धवट दुरुस्त्या येतात, हेही ओघानेच आले. म्हणून फ्रेम विकत घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की रंग, चिठ्ठी आणि नाव हे ऐकीव पुरावे आहेत, आणि प्रत्यक्ष साक्ष फक्त धातूची.

नावाचा पुरावा दुबळा का, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. एर्नेस्तो कोलन्यागो हा मिलाननजीकच्या काम्ब्यागो गावचा. १९७० साली मिलान–सान रेमो ही शर्यत मिकेले दांचेल्लीने त्याच्या फ्रेमवर जिंकली, आणि तेव्हापासून पत्त्यांतील किलवराचे चिन्ह त्या कारखान्याची मुद्रा झाले. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको शहरात बेल्जियमच्या एडी मेर्क्सने ज्या सायकलीवर एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, ती कोलन्यागोच्याच हातची, आणि सगळ्या सरंजामासह तिचे वजन सहा किलोंच्याही आत होते. परंतु पुढे मेर्क्सच्या मोल्तेनी संघासाठी फ्रेमा बांधण्याचे काम कुझानो मिलानिनो येथील ऊगो दे रोसा याच्याकडे गेले. आणि या दोघांनीही त्या संघासाठी बांधलेल्या फ्रेमांवर अक्षरे होती ती मात्र मेर्क्सच्या नावाची. त्या काळचा हा रिवाजच होता. संघाचा आश्रयदाता ज्या सायकलीची जाहिरात करी तिचा रंग आणि तिचे नाव धारण करून एखादा नामांकित स्पर्धक शर्यतीत उतरे, आणि त्याच्याखालची फ्रेम मात्र त्याच्या विश्वासातल्या कारागिराने त्याच्या मापाने बांधलेली असे. याच्या उलटही घडे. मोठ्या नावांना परदेशांतून येणारी मागणी एका छपराखाली पुरी होईनाशी झाली, तेव्हा त्यांनी आपल्या नावाच्या फ्रेमा आसपासच्या लहान कारखान्यांकडून बांधवून घेतल्या, आणि त्यांपैकी काही फ्रेमा खुद्द मालकाच्या हातच्या कामापेक्षा उणी नसलेली कारागिरी दाखवतात. तात्पर्य, नाव पाहून आदर बाळगावा, पण पैसे मोजण्यापूर्वी फ्रेम उलटी करून पाहावी.

आता नळ्यांकडे वळू. आंजेलो लुईजी कोलोम्बो याने १९१९ साली मिलानमध्ये जो उद्योग सुरू केला, त्यातूनच कोलंबस या नावाच्या पोलादी नळ्या आल्या, आणि कबुतराची आकृती असलेली त्यांची लहान चिठ्ठी सीटच्या नळीवर दिसली की जाणकारांचे डोळे चमकतात. या नळ्यांचे रहस्य त्यांच्या भिंतीत आहे. क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची नळी बाहेरून सर्वत्र एकाच व्यासाची दिसते, पण आतून तिची दोन्ही टोके जाड आणि मधला भाग पातळ असतो; कारण सांध्यापाशी डाख देताना धातू लालबुंद तापतो व काहीसा दुबळा होतो, आणि शर्यतीत सर्वाधिक ताणही तेथेच येतो, तर मधल्या भागावर तितका भार नसल्यामुळे तेथील धातू काढून टाकून वजन वाचवता येते. कोलंबसच्या 'एसएल' या नामांकित संचातील आडव्या व तिरप्या नळीची भिंत टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६ मिलिमीटर असे. 'एसपी' या संचात हीच मापे १.० आणि ०.७ होती. एसपी हा हलक्या प्रतीचा माल, असा एक गैरसमज आढळतो, तो निराधार आहे. उंच मापाच्या फ्रेमांसाठी आणि वजनदार, जोरकस स्वारांसाठी तो संच मुद्दाम काढलेला होता, आणि मोठ्या मापाच्या फ्रेममध्ये एसपी आढळली तर बांधणाऱ्याला आपले काम समजत होते असेच मानावे.

या मापांवरून एक साधी परंतु फार उपयोगी कसोटी हाती येते. सीटच्या नळीचा बाहेरील व्यास २८.६ मिलिमीटर. इतर नळ्यांप्रमाणे तिचे वरचे टोक जाड नसते; एसएलमध्ये तेथील भिंत ०.६ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून १.२, ती वजा केली की आतली जागा २७.४ उरते, आणि सीटचा दांडा मोकळेपणी सरकावा म्हणून तो २७.२ मिलिमीटरचा घालतात. एसपीला याच हिशेबाने २७.०चा दांडा लागतो. म्हणून सीटचा दांडा बाहेर काढून त्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजावा. तो २६ मिलिमीटरच्या घरातला निघाला तर नळीची भिंत जाड आहे, आणि बाहेर कबुतराची कितीही सुरेख चिठ्ठी असली तरी ती फ्रेम त्या कारखान्याच्या अव्वल प्रतीची नव्हे. अर्थात ही कसोटी एकाच दिशेने निर्णायक आहे, कारण २७.२चा दांडा इंग्लंडच्या रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांनाही लागतो आणि जपानच्या चांगल्या नळ्यांनाही. तेवढ्यावरून भिंत पातळ आहे एवढेच सिद्ध होते, नळी कोणाची हे नव्हे. शिवाय चुकीचा, बारीक दांडा घालून वरचा बोल्ट करकचून आवळलेला असेल, तर नळीचे तोंड चिमटून लंबगोल झालेले दिसते; तेव्हा दांड्याचेच नव्हे, तर तोंडाचेही माप दोन दिशांनी घ्यावे.

नळी कोणाची या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या मानेत सापडते. चिमटा फ्रेममधून सोडवून, त्याची मान उजेडाकडे धरून खालच्या बाजूने आत पाहिले, तर कोलंबसच्या एसएल व एसपी संचांच्या बहुतेक चिमट्यांत भिंतीवर पिळाने चढत गेलेल्या उंचवट्यांच्या रेघा स्पष्ट दिसतात. १९८०च्या दशकाच्या मध्यास आलेल्या 'एसएलएक्स' संचात असेच पिळदार उंचवटे मुख्य नळ्यांच्या बॉटम ब्रॅकेटकडील टोकांतही होते. त्यामुळे पायट्यांचा आस ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या नळकांड्यातून आस आणि कप काढून आत डोकावले की चिठ्ठी खरी की नंतर चिकटवलेली, याची शहानिशा तत्काळ होते. चिठ्ठ्या आज कोणालाही छापून मिळतात. नळीच्या पोटातले उंचवटे मागाहून उमटवता येत नाहीत.

बॉटम ब्रॅकेटचे नळकांडे उघडले आहे तोवर कारागिराच्या हाताचीही परीक्षा करून घ्यावी, कारण गिऱ्हाईक जेथे कधीच पाहणार नाही अशी हीच जागा. नळ्यांची टोके नळकांड्याच्या गोलाईला बेतशीर कापून बसवली आहेत की आरीने सरळ कापून नुसती खुपसली आहेत. पितळेचा डाख बाहेरून आत पाझरून सांध्याच्या संपूर्ण परिघाभोवती पिवळी कड दिसते आहे की मधेच काळी फट राहिली आहे. या दोन गोष्टी पाहिल्या म्हणजे बांधणाऱ्याची बरीचशी ओळख पटते. बाहेरच्या बाजूस नळ्यांचे सांधे ज्या पोलादी जोडांत बसवतात, त्या लगांच्या कडा पाहाव्यात. जुने लग पत्र्यातून दाबून काढलेले व ओबडधोबड येत असत आणि ते तासन्‌तास कानशीने घासून त्यांच्या कडा नळीच्या अंगाशी जवळजवळ एकजीव होतील इतक्या पातळ करणे, यात मासीसारख्या कारागिरांचा हातखंडा होता. पातळ कडेमुळे ताण जाड धातूकडून पातळ धातूकडे हळूहळू उतरतो, एका रेषेवर साचत नाही. म्हणजे सौंदर्य आणि टिकाऊपणा या दोहोंचा येथे एकच हिशेब आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून साच्यात ओतलेले, मुळातच रेखीव लग प्रचारात आले आणि हे कष्ट बरेच वाचले. ऐंशीच्या दशकातील फ्रेमा सरसकट नीटनेटक्या दिसतात याचे एक कारण हे आहे, आणि त्यामुळेच माझा ओढा सत्तरीच्या पूर्वार्धातील फ्रेमांकडे अधिक आहे, कारण तेथे चांगला आणि सामान्य हात यांतला फरक नुसत्या नजरेला दिसतो. मागच्या चाकाच्या खाचांवर कांपान्योलोचे नाव घडवलेले असणे ही त्या काळच्या उंची फ्रेमची नेहमीची खूण होय. व्हिचेन्झाच्या तुल्लिओ कांपान्योलोने १९३३ साली सुरू केलेल्या कारखान्यातील या घडीव खाचा पत्र्याच्या खाचांहून जाड व भक्कम असतात.

इथवर फ्रेम मुळात कशी होती याचा विचार झाला. तिच्यावर नंतर काय गुदरले याचा तपास त्याहून महत्त्वाचा. शर्यतीची सायकल समोरून आदळली की पुढचे चाक व चिमटा मागे रेटले जातात, हँडलच्या नळीचे खालचे टोक मागे ढकलले जाते आणि आडव्या व तिरप्या नळीवर असह्य दाब येतो. नळी कोठे वाकते? जाड टोक संपून पातळ भिंत सुरू होते तेथे, म्हणजे लगापासून काही सेंटिमीटर मागे. म्हणून तर्जनीचे पेर हँडलच्या नळीलगतच्या लगाखाली टेकवून, डोळे मिटून, तिरप्या नळीच्या पोटावरून सावकाश मागे न्यावे, आणि मग आडव्या नळीच्या खालूनही तसेच करावे. नळी निकोप असेल तर बोट निर्वेध सरकते. धक्का बसलेला असेल तर डोळ्यांना न दिसणारी एक बारीक लाट, किंवा रंगाची आडवी सुरकुती, पेराखाली हमखास लागते. ती लागली तर त्या फ्रेमचा मोह तिथेच सोडावा. नळी बदलून घेता येते, पण तो खर्च सामान्य फ्रेमच्या किमतीहून जास्त होतो आणि दुर्मीळ फ्रेमलाच शोभतो. याच अपघाताने चिमट्याच्या पात्यांची पुढची डौलदार वळण-रेषा मुळाशी मोडून मागे कललेली असते, म्हणून बाजूने पाहताना चिमट्याची मान आणि पात्यांचा वरचा सरळ भाग एका रेषेत आहेत ना, हेही तपासावे. आपल्याकडे सायकलवाले वाकलेला चिमटा ताकदीने सरळ करून देतात आणि रोजच्या जाडजूड सायकलीला ते चालूनही जाते, पण या पातळ पात्यांना एकदा खोल मोड आला की त्यांवर भरवसा ठेवू नये.

फ्रेम सरळ आहे की नाही हे पाहण्यास महागड्या यंत्राची गरज नाही. एक बारीक, न ताणणारी दोरी मागच्या एका खाचेला बांधावी, हँडलच्या नळीला पुढून वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताठ आणावी, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी भरली तर मागचा त्रिकोण मधोमध आहे; एखाद्या मिलिमीटरचा फरक क्षम्य; त्याहून जास्त असेल तर कारण शोधले पाहिजे. पुष्कळदा कारण निरुपद्रवी असते. मागच्या चाकावर पाच दातेरी चक्रे असत त्या काळात मागच्या खाचांमधील अंतर १२० मिलिमीटर होते, सहा-सात चक्रांसाठी ते १२६ झाले आणि आठ चक्रांसाठी १३०. नवे चाक बसवण्यासाठी कोणी मागच्या कांबा फाकवल्या असतील आणि ते काम दोन्ही बाजूंना सारखे केले नसेल, तर दोरी ते लगेच दाखवते. पोलाद असे थंड अवस्थेतच वाकवून पुन्हा जागेवर आणता येते, हा त्याचा मोठाच गुण आहे.

गंजाच्या बाबतीत वरवरच्या तांबूस ठिपक्यांना घाबरण्याचे कारण नाही, भीती आतल्या गंजाची. पावसाचे पाणी आणि स्वाराचा घाम सीटच्या नळीतून उतरून बॉटम ब्रॅकेटच्या नळकांड्यात साचतो, आणि तेथून तो मागच्या कांबांची मुळे पोखरतो. उजव्या कांबेवर क्रोमचा मुलामा असेल आणि तो फोडांसारखा उचलला गेला असेल, तर खालचे पोलाद किती उरले आहे ते ठोकून व टोचून पाहावे. अडकलेला सीटचा दांडा हीदेखील अशीच एक आतली व्याधी आहे. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षे वंगणाविना राहिला की दोन धातूंमधील विद्युत्-रासायनिक क्रियेने त्याचा क्षार बनून तो फुगतो आणि नळीला असा घट्ट धरतो की कधीकधी तो आतून करवतीने कापूनच काढावा लागतो. दांडा हलत नाही असे विकणारा सांगत असेल, किंवा त्या विषयावर मौन पाळत असेल, तर किमतीत त्याची वजावट मागणे रास्त आहे. तडा जातो तो बहुधा मागच्या खाचांपाशी, ब्रेकच्या आडव्या पुलाशी, सीटच्या बोल्टभोवती, आणि बॉटम ब्रॅकेटच्या सांध्यांवर. रंगाला गेलेली केसासारखी रेघ भिंगाने पाहून खाली धातूही दुभंगला आहे का, याची खात्री करून घ्यावी.

आट्यांचा मुद्दा थोडक्यात, पण वगळता न येण्याजोगा. इटालियन बॉटम ब्रॅकेटचे आटे ३६ मिलिमीटर व्यासाचे, इंचाला २४, आणि नळकांडे ७० मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंचे आटे उजवेच. इंग्लिश पद्धतीत नळकांडे ६८ मिलिमीटरचे असून उजव्या बाजूचे आटे मुद्दाम डावे ठेवतात, त्यामुळे पायट्याच्या फिरण्याने तो कप सैल होत नाही. इटालियन रचनेत उजवा कप आपोआप सुटू पाहतो, आणि तो सैल असतानाच सायकल चालवत राहिले की आटे झिजतात. इंग्लिश किंवा फ्रेंच नळकांड्याचे आटे खराब झाले तर ते कापून ३६ मिलिमीटरचे इटालियन आटे पाडता येतात; इटालियन खराब झाले तर त्यापुढे प्रचलित असे मोठे माप उरत नाही. म्हणून कप हाताने दोन-तीन वेढे सहज फिरून मग घट्ट बसतो ना, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून सौदा पक्का करू नये.

फ्रेमचे वय ठरवताना कारखान्याच्या नोंदींवर विसंबता येत नाही, कारण पुष्कळ इटालियन कारागीर क्रमांकच घालीत नसत, किंवा बॉटमखाली केवळ माप ठोकीत. अंगावरच्या बारीक खुणा अधिक बोलक्या असतात. ब्रेकची तार आडव्या नळीवर तीन सुट्या चिमण्या पट्ट्यांनी धरलेली असेल, तर फ्रेम बहुधा सत्तरीची किंवा त्याआधीची. त्या पट्ट्यांच्या जागी नळीलाच सांधलेले आकडे आले ते त्या दशकाच्या अखेरीस. गियरच्या तारा बॉटमच्या वरून जातात की खालून, पाण्याच्या बाटलीसाठी भोके एका नळीवर आहेत की दोन नळ्यांवर, ब्रेकची तार नळीच्या पोटातून जाते का, लगांवर नाव कोरून त्यात रंग भरला आहे का: या सर्वांची उत्तरे एकाच काळाकडे बोट दाखवीत असतील तर फ्रेम अस्पर्शित आहे असे समजावे. खुणांत विसंगती असली तरी ती फसवणूकच असेल असे नाही. जुन्या फ्रेमवर नवे आकडे सांधून घेणारे हौशी मालक सर्वत्र होते.

माप विचारताना एक सावधगिरी बाळगावी. बहुतेक इटालियन कारागीर सीटच्या नळीचे माप बॉटमच्या मध्यापासून आडव्या नळीच्या मध्यापर्यंत घेत. कोलन्यागो मात्र नळीच्या वरच्या टोकापर्यंत घेई, आणि या दोन पद्धतींत दीडएक सेंटिमीटरचा फरक पडतो. फ्रेम अंगाला बसत नसेल तर तिचे सर्व गुण भिंतीवर टांगण्याच्या कामी येतात, तेव्हा आडव्या नळीची लांबीही मागून घ्यावी.

अशा फ्रेमा मिळतात कोठे? १९९७ साली तोस्कानातील गायोले इन क्यांती या गावी ९२ स्वारांनिशी सुरू झालेल्या लेरोइका या जुन्या सायकलींच्या मेळाव्याने या प्रश्नाचे स्वरूपच पालटून टाकले आहे. पांढऱ्या मुरमाड रस्त्यांवरून होणाऱ्या या फेरीत १९८७पर्यंतच्या, तिरप्या नळीवर गियरचे खटके असलेल्या, पट्ट्यांच्या पायट्यांच्या आणि ब्रेकच्या तारा उघड्या असलेल्या सायकलींनाच प्रवेश असतो, आणि त्या निमित्ताने गावात भरणाऱ्या बाजारात फ्रेमा, चिमटे, कप आणि दांडे यांची खरेदी-विक्री चालते. या मेळाव्याने जुन्या फ्रेमा अडगळीतून बाहेर काढल्या, हे त्याचे ऋण मोठे. आणि कोलन्यागो, दे रोसा, चिनेल्ली यांचे भावही त्यानेच चढवले. ज्याला नावापेक्षा कारागिरी हवी आहे त्याने ग्रोस्सेतोचा तोम्माझिनी, व्हेरोनाचा केझीनी, लिगुरियातील ओल्मो अशांच्या फ्रेमा शोधाव्यात. बड्या नावांच्या तोडीचे काम तेथे पुष्कळदा कमी किमतीत मिळते. नजर तयार करावयाची असेल तर कोमो सरोवराच्या वर मादोन्ना देल गिझाल्लो येथे जावे. तेथील लहानशा देवळाच्या भिंतींवर कोप्पी, बार्ताली आणि मेर्क्स यांच्या सायकली टांगलेल्या आहेत, आणि शेजारीच २००६ साली उघडलेले सायकल-शर्यतींचे संग्रहालय आहे. खऱ्या चिठ्ठीचा आकार, खऱ्या लगाची कड आणि काळाने उतरलेला खरा रंग कसा दिसतो, हे तेथे एक दिवस घालवल्याने जितके कळते तितके वर्णनांनी कळत नाही.

पुण्या-मुंबईच्या खरेदीदारास फ्रेम हाताळावयास मिळणे कठीण, त्याला छायाचित्रांवर निर्णय घ्यावा लागतो. त्याने विकणाऱ्याकडून संपूर्ण सायकलीचे देखणे चित्र मागण्याऐवजी हँडलजवळच्या दोन्ही लगांची खालून काढलेली चित्रे, कप काढलेल्या बॉटमचे आतील चित्र, मागच्या खाचांची दोन्ही अंगांनी काढलेली चित्रे, आणि सीटच्या दांड्यावर कॅलिपर लावून त्यावरचा आकडा दिसेल असे चित्र मागावे. प्रामाणिक विकणारा ती आनंदाने पाठवतो. टपालखर्च व जकात धरून किंमत कितीवर जाते, याचा हिशेब मात्र आधी करून ठेवावा.

राहता राहिला रंग. उडालेला, ओरखडलेला, पण मूळ रंग हा नव्या तकतकीत रंगाहून मला नेहमी मोलाचा वाटतो, कारण त्याच्याखाली काही लपवलेले नसते. नवा रंग दिलेल्या फ्रेमवर कोरीव अक्षरांच्या खाचा रंगाने बुजलेल्या, लगांच्या कडा वाळूच्या माऱ्याने बोथटलेल्या, आणि बॉटमच्या आट्यांत रंग शिरलेला आढळतो. असे दिसले की रंग का द्यावा लागला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आपल्या हाती आलेल्या फ्रेमला रंग देणे अपरिहार्यच असेल तर प्रथम तिच्यावरील प्रत्येक चिठ्ठीची जागा मोजून कागदावर उतरवून घ्यावी, जुना रंग वाळूच्या माऱ्याऐवजी द्रावणाने काढवावा, आणि क्रोमचा नवा मुलामा देण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये, कारण मुलाम्यापूर्वीच्या आम्लस्नानातील आम्ल पातळ नळ्यांच्या पोटात राहून गेले तर पोलाद आतून कुरतडले जाते. रंग वाळल्यावर सर्व भोकांतून आत गंजरोधक तेल सोडून, फ्रेम चारही अंगांवर फिरवून ते सर्वत्र पसरू द्यावे, आणि मगच कप बसवावेत.